दोराची वही

ठाण्यात, नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत आमच्या गिर्यारोहण मंडळाचे साहित्य ठेवलेले असते. एका ज्येष्ठ सभासदाने ही खोली वापरायला दिली, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे माणसाला तेथे अर्धा तास बसणे कठीण जाते. दोरांना मात्र ती मानवते, कारण नायलॉनला ऊन सोसत नाही आणि उन्हात पडून राहिलेला दोर वरून कितीही चांगला दिसला तरी आतून कमजोर होत जातो. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी कुलूप काढते, दोर बाहेर पडवीत आणते, चटई अंथरते आणि आदल्या रविवारी वापरलेला प्रत्येक दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत तपासते. साठ मीटरचा एक दोर नीट तपासायला मला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. गेली अकरा वर्षे हे काम माझ्याकडे आहे आणि मंडळातील दुसरे कोणतेही काम मला याच्याइतके जवळचे वाटत नाही.

आमच्या दोरांची रचना समजली की ही तपासणी का लागते ते कळते. आत बारीक तंतूंच्या पिळांचा गाभा असतो आणि त्यावर घट्ट विणलेले आवरण असते. वजन पेलण्याचा मोठा वाटा गाभ्याकडे असतो. आवरण त्याला कातळाच्या घर्षणापासून आणि धुळीपासून जपते. आवरणाला इजा झाली तर ती दिसते. गाभ्याची इजा दिसत नाही, ती बोटांनाच समजते. म्हणून दर वितीला दोराची छोटी कमान करून पाहायची. धडधाकट दोराची कमान गोल येते, आणि आत काही तुटले असेल तर दोर त्या जागी चपटा होऊन मुडपतो. ज्या सरांनी मला हे शिकवले ते डोळे मिटून दोर तपासत असत. ते माध्यमिक शाळेत भूमिती शिकवायचे आणि एरवी आकृतीवाचून एक वाक्य बोलायचे नाहीत, पण दोराच्या बाबतीत डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

तपासून झाले की वहीत लिहायचे. बोलताना आम्ही सगळेच ‘रोप’ म्हणतो, पण ज्याने कोणी पहिली वही आखली त्याने तिच्या पुठ्ठ्यावर शाईने ‘दोराची वही’ असे लिहून ठेवले आणि तेच नाव पुढे चालत आले. सध्या चौथी वही चालू आहे. प्रत्येक दोराला स्वतंत्र पाने दिलेली असतात; पानाच्या माथ्यावर खरेदीची तारीख, लांबी, जाडी आणि जात, आणि खाली रकाने : दिनांक, ठिकाण, किती जणांनी वापरला, कोणी पडले का, पाणी किंवा चिखल लागला का, तपासणाऱ्याची सही, आणि अखेरीस शेऱ्यासाठी मोकळी जागा. जाती दोनच. एक चढाईचा दोर, जो झटक्यासरशी ताणला जातो आणि पडणाऱ्याला अलगद थांबवतो. दुसरा ताठ दोर, जो फारसा ताणला जात नाही आणि म्हणून कड्यावरून उतरायला किंवा ओझे खाली सोडायला सोयीचा असतो. ताठ दोर बांधून पुढे चढणारा माणूस पडला, तर दोर कदाचित तुटणार नाही, पण तो सगळा झटका माणसाच्या कमरेला आणि पाठीला बसेल. नवख्याच्या नजरेला दोन्ही दोर सारखेच दिसतात. म्हणून चढाईच्या दोरांच्या टोकांना आम्ही लाल पट्टी गुंडाळतो आणि पहिल्याच वर्गात ती पट्टी प्रत्येकाच्या हातात देऊन दाखवतो.

आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटीत एकेरी वापराच्या दोराला ८० किलोचे वजन बांधून ते वरून सोडले जाते, आणि असे किमान ५ झटके त्याने न तुटता सोसावे लागतात. नव्या मुलांना हे सांगितले की त्यांना हायसे वाटते. मग एखाद्या पडण्याची नोंद कशाला करायची, असे कोणीतरी विचारतेच. मी त्यांना सांगते की प्रयोगशाळेत टांगलेला दोर कोरा असतो. आमचा दोर मुंब्र्याच्या कातळावर घासलेला असतो, पावसात भिजून गच्चीवर सावलीत वाळवलेला असतो, आणि लोकलच्या गर्दीत कोणाच्या बुटाखाली आलेला असतो. त्याच्याकडे आज किती शिल्लक आहे हे कोणतीही प्रयोगशाळा येऊन सांगणार नाही. ते त्याच्या पानावरच वाचावे लागते.

मुंब्रादेवीच्या डोंगरातील कातळ हे आमचे शिक्षणाचे ठिकाण. पायथ्याशी रेल्वे, पलीकडे खाडी, मध्ये दाटीने उभी राहिलेली वस्ती, आणि या सगळ्याच्या डोक्यावर काळ्या पाषाणाची भिंत. सह्याद्रीचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झाला आहे, आणि थर असल्यामुळे तो जितका भक्कम दिसतो तितका सर्वत्र भक्कम नसतो. धरायच्या आधी मुठीने ठोकून त्याचा आवाज ऐकायचा, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा, हे येथेच शिकवले जाते. सकाळी सहाला ठाण्याहून धीम्या लोकलने निघालेली पंधरा-वीस मुले साडेसातपर्यंत कातळाखाली जमतात, आणि दहापर्यंत त्यातील दोन-तीन तरी पडलेली असतात. बिले देणाऱ्याने, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने, तो धरलेला असतो, पडणारा तीन-चार मीटर खाली येऊन लोंबकळतो, गुडघा खरचटतो, आणि वरून-खालून सगळे एकदम बोलू लागतात.

पडलेल्या मुलाने येत्या गुरुवारी स्वतः येऊन वहीत नोंद करायची, हा आमच्याकडचा नियम आहे. दुसऱ्याने लिहिलेले चालत नाही. हा नियम कोणी कधी ठरावाने मंजूर केला नाही. सरांनी तो घातला आणि राहिला. एका मुलाने एकदा हुज्जत घातली होती की जेमतेम दीड मीटर तर पडलो, कशाला लिहायचे. सर शांतपणे म्हणाले, “तू पडलास हे दोराला माहीत आहे. आता वहीलाही कळू दे.” त्या मुलाने लिहिले. आज तो मुलगा पन्नाशीला आला आहे आणि दर मे महिन्यातील प्रशिक्षण शिबिराचा प्रमुख असतो.

मी मंडळात आले ती नोकरी लागल्यावर, तेविसाव्या वर्षी. तोपर्यंत डोंगर म्हणजे खिडकीतून दिसणारी येऊरची हिरवी रेघ, एवढीच माझी समजूत होती. पहिली भ्रमंती माहुलीची. आसनगावला उतरून पायथ्याच्या गावापर्यंत पोहोचलो तेव्हा उजाडत होते आणि आभाळावर सुळक्यांची ती रांग उमटली होती, जिला आसपासचे लोक नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात. सोंडेवरून चढताना मी सर्वांत मागे पडले. मला फार लाज वाटत होती. मागे वळून पाहिले तर सर अगदी माझ्यामागे, काठी टेकत, जणू यांना याहून भरभर चालताच येत नाही अशा चालीने येत होते. मी थांबले की ते थांबत, बुटाची नाडी बांधत, झाडाकडे बघत, आणि मला दम लागला आहे हे त्यांनी एकदाही शब्दांत येऊ दिले नाही. वरच्या लोखंडी शिडीपाशी त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला, गाठ माझ्याकडूनच तपासून घेतली, आणि मी शिडीवर पाय ठेवला. दोराला ताण नव्हता, पण तो सैलही नव्हता. वर कोणीतरी, ज्याचे नावही मला तोवर पाठ झाले नव्हते, माझ्या प्रत्येक पावलाबरोबर तो वीतभर ओढून घेत होता. गडावर पोहोचल्यावर सरांनी १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना याच माहुलीवर कसे कोंडले आणि निजामशाहीचा शेवट कसा झाला ते सांगितले. इतिहास मी पुढे वाचून पक्का केला. त्या दिवशी मनात राहिला तो मागे चालणारा माणूस आणि वर दोर ओढणारा हात.

सर्वांत अनुभवी माणूस सर्वांत शेवटी चालतो, ही रीत बाहेरच्या लोकांना उलटी वाटते. पुढचा वाट शोधतो, हे खरे आहे आणि त्यालाही कसब लागते. परंतु वाट चुकली तर मागे येता येते. मागे राहिलेले माणूस चुकले तर ते चुकल्याचेच कोणाला कळत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही, आणि पुढची गोष्ट मी येथे लिहिते ती ती वहीतही लिहिलेली आहे म्हणूनच. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर आमचे मंडळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाते. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात येथे हुतात्मा झाले, आणि दर वर्षी त्या दिवशी त्यांना अभिवादन करायला लोक जमतात. मला मंडळात सात वर्षे झाली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदा नेतृत्व माझ्याकडे होते. आम्ही तेवीस जण होतो. बालेकिल्ला पाहून उतरायला उशीर झाला, शेवटची एसटी चुकेल ही घाई माझ्या डोक्यात शिरली, आणि जंगलात जेथे दोन वाटा फुटतात तेथे मी थांबून मोजणी करायच्या ऐवजी मोठ्याने विचारले, “सगळे आले ना?” तेवढ्याच मोठ्याने उत्तर आले, “हो!” आणि मी निघाले.

खाली गावात, दिव्याच्या उजेडात, आम्ही बावीस भरलो. मला अजूनही तो क्षण आठवला की हाताची बोटे गार पडतात. पुन्हा मोजले, तरी बावीस. एक एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याची पहिलीच वेळ, फाट्याच्या अलीकडे लघवीला थांबला होता आणि कारवीच्या दाटीत चुकीच्या ढोरवाटेला लागला होता. गावातील दोन मामा विजेऱ्या घेऊन आमच्याबरोबर परत चढले. त्यांनी आमच्याकडून एक शब्दही मागितला नाही. घरात कोणी आजारी असल्यासारखे ते उठले आणि निघाले. दोन तासांनी मुलगा सापडला. त्याची विजेरी विझली होती, आणि तो एका झाडाच्या बुंध्याशी पाठ टेकून, कानटोपी ओढून, बसल्या जागी बसून होता. चुकलो असे वाटले की हिंडायचे नाही, बसायचे, हे आम्ही आदल्या गुरुवारी शिकवले होते आणि त्याने ते ऐकले होते. जे मी शिकवले ते त्याने पाळले, आणि जे मला शिकवले होते ते मी पाळले नव्हते.

त्या गुरुवारी मी खोलीवर गेले तेव्हा सरांनी वही माझ्यासमोर ठेवली. त्या भ्रमंतीत दोर सॅकमधून बाहेरही निघाला नव्हता, त्यामुळे त्याच्या पानावर माझ्या चुकीला जागा नव्हती. सरांनी मागचे कोरे पान उघडले आणि पेन दिले. मी लिहिले : ‘सिद्धगड. फाट्यावर मोजणी केली नाही. विचारले आणि उत्तरावर विश्वास ठेवला. एक मुलगा दोन तास एकटा राहिला. नेतृत्व माझे.’ खाली सही केली. त्यांनी वाचले, मान हलवली आणि चहा मागवला. मला रागावून घेण्याची फार गरज होती, पण ते रागावले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे निघतानाच प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो, आणि प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्यापाशी, ज्याने त्याने आपला क्रमांक स्वतःच्या आवाजात म्हणायचा असतो. एखादा क्रमांक गप्प राहिला की सगळे थांबतात. ते मागचे पानही आता एकटे राहिलेले नाही. चौथ्या वहीपर्यंत येता येता अशी पाने बरीच भरली आहेत, आणि नव्या नेत्याला नेतृत्व देण्यापूर्वी ती वाचायला दिली जातात.

मंडळाचे वर्ष ऋतूंप्रमाणे चालते. पावसाळ्यात सोप्या वाटा, प्रथमोपचाराचे वर्ग आणि जुलैत मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात भरणारे गिरिमित्र संमेलन, जेथे राज्यभरातील डोंगरवाले एका छपराखाली भेटतात. सर्पदंशाचा वर्ग मी कधी चुकवू देत नाही : नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे, कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही, दंश झालेला भाग हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचे. पाऊस संपला की सोनकी पिवळी होते आणि लांबच्या वाटा सुरू होतात, थंडीत सुळके. काही जण हिमालयात जातात. मीही उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, जी १९६५ साली स्थापन झाली, प्राथमिक अभ्यासक्रम केला. तेथे हिमनदीपेक्षा आधी माझ्या नजरेत भरले ते साहित्य भांडार, जेथे एकेक वस्तू सही घेऊन दिली जाते आणि सही घेऊन परत घेतली जाते. मला घरी आल्यासारखे वाटले.

मात्र ज्या कामासाठी मला मंडळाचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो ते एप्रिल-मे महिन्यांत होते, आणि त्यात चढाई जवळजवळ नसते. ते म्हणजे गडावरची पाण्याची टाकी साफ करणे. सह्याद्रीतील बहुतेक गडांवर कातळात कोरलेली टाकी आहेत, काही गडांहूनही जुनी. येऊरच्या पलीकडे त्याच डोंगरात असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ हा शब्द आला आहे, आणि कोणी दिली त्याचे नावही कोरलेले आहे. पावसाचे पाणी एका थेंबाचाही अपव्यय न करता उतारावरून टाक्यात कसे आणायचे हे ज्यांनी ठरवले त्यांना कातळ वाचता येत होता. आम्ही परवानगी घेऊन, पाणी तळाला गेले की, जातो. एक माणूस टाक्यात उतरतो, त्याच्या कमरेला जुना पण तपासलेला दोर असतो. तो फावड्याने गाळ घमेल्यात भरतो, आणि घमेले माणसांच्या साखळीतून हातोहात वर जाते.

पहिल्या तासात गाळ काळा आणि वासाचा असतो, त्यात पाने, प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, कधी एखादी चप्पल असते. नंतर तो राखाडी होतो. मग एखाद्या ठिकाणी फावडे खणकन वाजते आणि टाक्यात उतरलेला माणूस ओरडतो, “तळ लागला!” त्यानंतर फावडे बंद. तळाशी हातानेच काम करायचे, छिन्नीचे घाव पुसले जाऊ नयेत म्हणून. बेडकांना ओल्या फडक्यात उचलून बाजूच्या टाक्यात सोडायचे. मी साखळीत उभी असते तेव्हा घमेले माझ्याकडे देणारा कोणी महाविद्यालयातील मुलगा असतो आणि माझ्याकडून घेणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. तीन-चारशे घमेली इकडची तिकडे होईपर्यंत आम्ही एकमेकांशी फार बोलत नाही, पण संध्याकाळी उतरताना ती दोघे माझ्या घरची झालेली असतात. पुढच्या हिवाळ्यात त्याच टाक्यातले पाणी ओंजळीत घेतले की थंड लागते. खालच्या पाड्यावरच्या आजी आम्हांला म्हणाल्या होत्या, “तुम्ही पाणी काढलंत ते बरं झालं, आमच्या पोरांना गुरांमागं वर जावं लागतं.” आम्ही इतकी वर्षे टाके आमच्यासाठी आणि इतिहासासाठी साफ करतो असे समजत होतो.

पाड्यांवरच्या या माणसांशी असलेले नाते मंडळाच्या घटनेत कोठेही लिहिलेले नाही, पण त्याच्यावाचून मंडळ चालणार नाही. आम्ही त्यांच्या ओसरीवर झोपतो, त्यांच्या चुलीवरची तांदळाची भाकरी खातो, त्यांच्या मुलींच्या लग्नांना जातो. त्यांच्या घरातले कोणी कळव्याच्या किंवा ठाण्याच्या रुग्णालयात दाखल झाले की आमच्यातला कोणीतरी डबा घेऊन जातो. इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी ही अशीच एक वाडी होती. ठाकर आदिवासींची घरे, खालून तासाभराची चढण, आणि गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला तेथे थांबून चहा घेतल्याशिवाय पुढे जाववत नसे. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा भाग सुटला आणि वाडीवर आला.

तेथे गाडी जाणारा रस्ता नव्हता, हवा इतकी वाईट होती की हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते, आणि खोदकामाची यंत्रे वर नेता येत नव्हती. जे काही झाले ते माणसांच्या पायांनी आणि हातांनी झाले. आसपासच्या गिर्यारोहण संस्थांची मुले रात्रीच वर गेली, कारण अंधारात त्या वाटेने त्यांचे पाय न विचारता जात होते. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी मदतीसाठी चढत असताना हृदयविकाराने वाटेतच गेले. आमची सहा मुले पहाटे पोहोचली. मी पायथ्याशी होते, पाणी, बिस्किटे आणि कोरडे कपडे वर पाठवण्याच्या कामात. मुले खाली आली ती ओळखू येत नव्हती, आणि मी त्यांना काही विचारले नाही. घरी नेऊन दोर कोमट पाण्यात तीनदा धुतला तरी पाणी लालच येत राहिले. गुरुवारी त्याच्या पानावर ‘ठिकाण’ या रकान्यात लिहायला आमचा एक मुलगा बसला, आणि बराच वेळ बसूनच राहिला. मग त्याने लिहिले, ‘इर्शाळवाडी. निसरड्या वाटेवर आधाराला बांधला. चिखल.’ शेऱ्यात त्याने त्या घरातील आजींचे नाव लिहिले जिच्याकडे आम्ही नेहमी चहा घेत असू. तो दोर आम्ही पुन्हा चढाईला वापरला नाही. त्यात दोष सापडला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तरीही वापरला नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत पैसे भरून डोंगरात जाण्याची सोय पुष्कळ झाली आहे. शनिवारी रात्री ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उभ्या असलेल्या बसगाड्या पाहिल्या की किती तरुण मुलांना डोंगराची ओढ आहे हे कळते, आणि मला त्याचा आनंदच वाटतो. त्यांतील अनेक संयोजक काळजीपूर्वक काम करतात. मात्र तेथे रविवारी रात्री बस थांबली की सगळे संपते. गुरुवार येत नाही. कोण पडले, कोण मागे राहिले, कोणाच्या गाठीत चूक होती, हे पुढच्या खेपेच्या माणसांपर्यंत पोहोचायला वाटच नसते, कारण पुढच्या खेपेला माणसे वेगळी असतात. आमच्याकडे माणसे तीच असतात, वाढतात ती हळूहळू, आणि कधी कधी वर्षभरात चारच नवी येतात. कार्यकारिणीच्या बैठकीत या संख्येची चिंता व्यक्त होते. मलाही ती आहे. तरी संख्या वाढावी म्हणून गुरुवार सोडून द्यावा असे मला कधीही वाटले नाही, आणि मी ते प्रत्येक बैठकीत स्पष्ट सांगितले आहे.

दोराला वय असते. एकदाही न वापरलेला दोरही दहा वर्षांपलीकडे वापरू नये असे बनवणारेच सांगतात. आमचे दोर चार-पाच वर्षांत थकतात. पंधरा हजारांच्या घरातील वस्तू टाकून द्यायची म्हणजे खजिनदारांच्या कपाळावर आठी येते, पण आजपर्यंत त्यांनी एकदाही ‘अजून एक वर्ष चालवू’ असे म्हटलेले नाही. निवृत्त दोराचे आम्ही तुकडे करतो, म्हणजे चुकूनही तो कोणाच्या कमरेला बांधला जाऊ नये. दोन-दोन मीटरचे तुकडे मुलांना गाठी शिकायला देतो. थोडे मोठे तुकडे पाड्यांवर जातात, तेथे ते गुरांच्या दावणीला चांगले टिकतात. सरांच्या हातचा शेवटचा दोर, ज्याच्या पानावर त्यांची शेवटची थरथरती सही आहे, मी कापला तेव्हा त्यातील वीतभर तुकडा स्वतःकडे ठेवला. तो वहीच्या पाठीला बांधलेला आहे, खुणेच्या फितीसारखा.

मागच्या गुरुवारी ऐरोलीहून एक मुलगी आली. वय एकोणीस, मंडळात येऊन तिला दोन महिने झालेले. रविवारी मुंब्र्याला ती पडली होती, साधारण तीन मीटर, आणि खाली आल्यावर कोणाशीही न बोलता पाण्याची बाटली घेऊन बाजूला जाऊन बसली होती. ती येईल की नाही अशी मला शंका होती. ती आली, चपला पडवीबाहेर काढल्या आणि चटईच्या कडेला बसली. मी तिला दोराचे एक टोक दिले. आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी तपासत तपासत मध्यापर्यंत आलो, आणि मध्याच्या खुणेपाशी आमची बोटे एकमेकींना लागली. दोर चांगला होता. मग मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने दिनांक लिहिला, ठिकाण लिहिले, ‘पडले का’ या रकान्यात ‘होय, मी, ३ मीटर’ असे लिहिले आणि पेन उचलून थांबली.

“मावशी, खूप घाबरले होते, ते पण लिहायचं का?”

“त्याला रकाना नाही,” मी म्हटले. “शेऱ्यात जागा आहे बघ.”

तिने शेऱ्यात लिहिले. अक्षर लहान होते आणि ओळ रकान्याबाहेर गेली. मी खाली सही केली, दोर गुंडाळून आत ठेवला आणि खोलीला कुलूप लावले.